एकादशीचे ताट

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच कार्तिकी एकादशी येते. आमच्या वडूजला ही एकादशी मोठी. दहिवडी-म्हसवडच्या रस्त्याने पंढरपूरला जाणारे जातात. ज्यांना जमत नाही ते घरी उपास करतात. उपास म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने काढली तो आमच्याच आळीत जेवून गेला असावा, असा मला दाट संशय आहे.

यंदा मात्र आमच्या घरी कार्तिकीची चर्चा दसऱ्यापासूनच सुरू झाली. तिचे कारण आषाढीला घडले. ते सांगताना मला थोडी लाज वाटते, पण या सदराच्या वाचकांपासून ते लपवावे असे काही नाही.

माझी मावशी आमच्याकडेच असते. वय एकाहत्तर. पंचवीस वर्षांचा मधुमेह, आणि त्यापायी दोन्ही मूत्रपिंडे थकलेली. गेले दीड वर्ष आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावे लागते. जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर आणि यंत्रावरचे चार तास, म्हणजे दिवस तिकडेच जातो. आषाढीच्या आदल्या दिवशीची फेरी तिने हट्टाने चुकवली. “एकादशीला अंगात त्राण राहत नाही, परवा जाऊ,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर फराळाला बसली. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, उकडलेले रताळे, केळे, खजूर. पाणी मोजून प्यायचे पथ्य होते, म्हणून तहान भागावी या सद्हेतूने एस.टी. स्टँडवरून शहाळे आणून तिच्या हाती कोणी दिले असेल, तर ते मी. जन्मभर शाळेत शास्त्र शिकवलेल्या आणि वर्षानुवर्षे शरीरशास्त्रावर सदर लिहिणाऱ्या मी. पथ्याचा कागद दिनदर्शिकेच्या मागे खोचलेला होता. तो तिथेच राहिला.

द्वादशीच्या पहाटे तिला उठता येईना. दुखत काहीच नव्हते, तापही नव्हता. “पायांत जीवच नाही रे,” एवढेच म्हणत होती. गावातल्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला आणि तो पाहताच त्यांचा चेहरा बदलला. आलेखावरच्या एरवी बुटक्या असणाऱ्या लाटा राहुटीसारख्या उंच अन् टोकदार झाल्या होत्या. त्यांनी शिरेतून कॅल्शियमचे इंजेक्शन दिले, मग साखरपाण्याबरोबर इन्सुलिन, आणि गाडी साताऱ्याकडे पिटाळली. रक्तातले पोटॅशियम ७.१ निघाले. ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे लागते. त्या दिवशी संध्याकाळी यंत्रावरून उतरल्यावर मावशी स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत चालत आली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिने मला समोर बसवले. “अरे, फराळ एकाच परातीतला. तू खाल्लास, तुझ्या बायकोनं खाल्ला, नातवानं तर दोनदा घेतला. मग अंथरूण मीच का धरलं?”

यंदाचे सदर म्हणजे या प्रश्नाचे उत्तर.

पोटॅशियम हे नाव औषधाच्या दुकानातले वाटते, पण वस्तू चुलीतली आहे. लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी भांड्यात आटवून जो क्षार उरे त्याला इंग्रज ‘भांड्यातली राख’ या अर्थाने पॉटॅश म्हणत. त्याचीच भावंडे आपल्या आज्यांनी भांडी घासताना वापरली. १८०७ साली लंडनमध्ये हंफ्री डेव्हीने या पॉटॅशमधून वीज सोडली, तेव्हा पाऱ्यासारखे चकचकणारे थेंब बाहेर आले आणि हवेत पेटू लागले. ते पाहून गृहस्थ खोलीभर नाचला म्हणतात. खटाव तालुक्यातल्या शेतकऱ्याला पॉटॅश वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. पुसेगावकडे खरिपात बटाटा होतो आणि बटाट्याला ते तांबूस दाण्यांचे खत लागते. जमिनीतले पोटॅशियम झाड घेते, झाडातले आपण घेतो. झाडाची प्रत्येक जिवंत पेशी त्याने भरलेली असते, म्हणून कंद, फळ, शेंग, पान यांतले काहीही खाल्ले की पोटॅशियम पोटात गेलेच. मिठाचे तसे नाही; ते आपण वरून घालतो.

आता एकादशीच्या ताटाचा हिशेब मांडू. मध्यम आकाराच्या दोन बटाट्यांत सुमारे ८०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. एका रताळ्यात साडेचारशेच्या आसपास. खिचडीतले मूठभर दाण्याचे कूट साडेतीनशे देते, केळे चारशे, चार-पाच खजूर अडीचशे, आणि पेलाभर शहाळ्याचे पाणी पाचशेच्या घरात. बेरीज पावणेतीन ग्रॅमवर जाते. या साऱ्या यादीत निर्दोष कोण, तर ज्याला आपण नावे ठेवतो तो साबुदाणा! तो नुसता पिठूळ, पोटॅशियम नावापुरते. वरीच्या तांदळाचेही बरेचसे तसेच. खिचडीत पोटॅशियम आणतात ते दाणे आणि बटाटा.

जाता जाता एक गंमत. बटाटा, रताळे, भुईमूग, ज्याचा साबुदाणा होतो तो टॅपिओकाचा कंद, हे सारे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगिजांच्या काळापासून ते इकडे आले. गहू-तांदूळ उपासाला चालत नाहीत आणि सातासमुद्रापलीकडचा बटाटा चालतो. शास्त्र्यांनी याची उपपत्ती काय लावली असेल ती असो. आपण मात्र उपासाच्या दिवशी वेचून वेचून पोटॅशियमचे पदार्थ ताटात घेतो, ही गोष्ट खरी.

पावणेतीन ग्रॅम म्हणजे काही फार नव्हे, असे वाटेल. आपल्या सबंध शरीरात १३० ते १४० ग्रॅम पोटॅशियम असते. पण ते असते कुठे? शेकडा अठ्ठ्याण्णव भाग पेशींच्या आत कोंडलेला, मुख्यतः स्नायूंत. पेशींच्या बाहेर, म्हणजे रक्तातले पाणी आणि पेशींभोवतीची ओल मिळून, अवघे अडीच-पावणेतीन ग्रॅम. पुन्हा वाचा. एकादशीच्या एका फराळात जेवढे पोटॅशियम, जवळजवळ तेवढेच पेशींबाहेरच्या साऱ्या पाण्यात मिळून असते. फराळातले सगळे तिथेच साठून राहिले असते, तर रक्तातला आकडा चारावरून आठावर गेला असता, आणि पंढरीच्या वाटेऐवजी भलत्याच वाटेला लागावे लागले असते.

कारण हृदयाचा ठोका हा पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या पोटॅशियममधल्या तफावतीवर चालतो. तफावत कमी झाली की स्नायूंच्या विजेचा ताळ सुटतो. आधी पाय लुळे वाटतात, मग हृदय अडखळते. १८८२-८३ च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी बेडकाचे हृदय निरनिराळ्या क्षारांच्या पाण्यात ठेवून पाहिले, तेव्हा पोटॅशियम वाढवल्यावर ते थांबते असे त्यांना दिसले. त्याच रिंगर यांच्या नावाचे सलाईन आजही दवाखान्यात टांगलेले दिसते.

मग लाखो लोक एकादशी करून द्वादशीला खुशाल उपास कसे सोडतात? शरीर दोन कामे करते, एक घाईचे आणि एक सावकाशीचे. घाईचे काम गोदामाचे. फराळ पोटात गेला की इन्सुलिन स्रवते, आणि साखरेबरोबर पोटॅशियमलाही ते स्नायू-यकृताच्या पेशींत ढकलते. बाजाराच्या दिवशी माल आला की आधी तो दुकानात ओढून घेतात, हिशेब मागाहून करतात, तसे. मावशीला डॉक्टरांनी इन्सुलिन दिले ते याचसाठी. पण गोदामात ढकललेले काही शरीराबाहेर गेले नाही. ते आज ना उद्या परत येणारच. बाहेर काढण्याचे खरे काम मूत्रपिंडाचे. खाल्लेल्या पोटॅशियमपैकी शेकडा नव्वदच्या आसपास तेच काढते, उरलेले आतड्यावाटे जाते.

मूत्रपिंडाची कामाची रीत मोठी विचित्र. दिवाळीच्या साफसफाईला आमच्याकडे सौ. ट्रंकेतले सगळे आधी जमिनीवर ओतते आणि मग हवे ते एकेक उचलून परत ठेवते. मूत्रपिंड दिवसभर तेच करते. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून सुमारे वीस लाख बारीक गाळण्या आहेत. त्यांतून दिवसाला १८० लिटर पाणी गाळून बाहेर ओतले जाते. जुन्या पंधरा लिटरच्या हंड्याने मोजाल तर बारा हंडे! लघवी मात्र होते दीड-दोन लिटर. बाकीचे सारे नळ्यांतून जाता जाता परत घेतले जाते. त्या बारा हंड्यांबरोबर अठ्ठावीस ग्रॅम पोटॅशियमही बाहेर पडलेले असते. नळीच्या पहिल्याच वळणांत त्यातला दोन-तृतीयांश भाग परत जातो, पुढच्या लांब फाशात आणखी पाव भाग. म्हणजे नव्वद टक्के माल विचारपूस न होता घरात परत. एकादशी असो की द्वादशी, इथवरचा कारभार जवळपास सारखाच चालतो.

खरी गंमत नळीच्या शेवटच्या वीतभर टप्प्यात. वीतभर म्हटले ते आपले बोलण्यापुरते. प्रत्यक्षात काही मिलिमीटरांचा मामला. इथे काम उलट्या दिशेने सुरू होते. रक्तातले पोटॅशियम पेशी उचलतात आणि लघवीच्या पाण्यात मुद्दाम टाकतात. गाळून जाते ते वेगळे, हे टाकलेले वेगळे. पुष्कळ वर्षे हे पटत नव्हते. जे काही जाते ते गाळूनच जाते अशी समजूत होती. १९४८ साली अमेरिकेत रॉबर्ट बर्लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्याने कुत्र्यांवरच्या प्रयोगात दाखवले की, पोटॅशियम भरपूर दिल्यास गाळून जाते त्यापेक्षाही जास्त लघवीत निघू शकते. ओतले त्याहून जास्त बाहेर सापडले, तर कुणीतरी आतून आणून टाकत असले पाहिजे, हे आमच्या सातवीच्या पोरालाही कळेल.

पेशी हे करते कशी? तिच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप बसवलेला असतो. तो सोडियमचे तीन कण रक्तात लोटतो आणि पोटॅशियमचे दोन कण आत ओढतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोव यांनी हा पंप १९५७ साली ओळखला. त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक त्यांना १९९७ साली मिळाले, चाळीस वर्षांनी. (आमच्या पेन्शनच्या फायलीची आठवण झाली.) आत ओढलेले पोटॅशियम दुसऱ्या बाजूच्या बारीक छिद्रांतून लघवीत घसरते, आणि लघवीतले सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य भाग, त्याच बाजूने आत येते. थोडक्यात, शेवटच्या दारात सोडियम घेऊन पोटॅशियम द्यायचे, असा रोकडा व्यवहार आहे.

रोकडा व्यवहार म्हटला की रोकड हवी. शेवटच्या दारापर्यंत पुरेसे सोडियम आणि पुरेसे पाणी पोचलेच नाही, तर पोटॅशियम टाकायचे कशाच्या बदल्यात? याचीही सोय आहे, आणि अलीकडच्या वीसेक वर्षांत ती चांगली उलगडली. शेवटच्या दाराच्या जरा अलीकडे मीठ परत घेणारे एक फाटक आहे. फराळातले पोटॅशियम आले की ते फाटक मिटते. उंदरांवरच्या प्रयोगांत अर्ध्या तासाच्या आत ते मिटलेले दिसले आहे. वरच्या शेतकऱ्याने बारे बंद केले की पाटाचे पाणी खालच्या वावरात धो-धो येते, तसे मीठ आणि पाणी मग खाली वाहत येते आणि शेवटच्या दारातला व्यवहार जोरात सुरू होतो. काही मीठ मात्र परत न येता लघवीतून कायमचे जाते. भाजी-फळे भरपूर खाणाऱ्याचा रक्तदाब आटोक्यात राहतो त्याचे एक कारण हे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम घ्या म्हणून सांगते, ते यासाठीच.

दुसरी व्यवस्था मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींची. रक्तातले पोटॅशियम किंचित जरी वाढले तरी त्या अल्डोस्टेरोन नावाचा रस सोडतात. हा रस लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी स्विस रसायनशास्त्रज्ञांच्या साथीने १९५३ साली वेगळा काढला. तो पोचला की शेवटच्या दारातले पंप वाढतात, छिद्रे वाढतात. त्याखेरीज, रक्तातला आकडा हलण्याआधीच मूत्रपिंड कामाला लागते असेही प्रयोगांत दिसले आहे. पोटात काय आले याची वर्दी आतड्याकडूनच जात असावी. पाहुणे वेशीवर दिसताच स्वैपाकघरात आधण ठेवणाऱ्या घरासारखे हे. आणि या कामाला घड्याळही आहे. पोटॅशियम दिवसा, मध्यान्हीच्या सुमारास सर्वांत जास्त टाकले जाते, रात्री सर्वांत कमी. जेवण चोवीस तासांत सारखे वाटून दिले तरीसुद्धा.

मला या सगळ्यात विशेष वाटते ती या यंत्राची सवय लावून घेण्याची हातोटी. १९९० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना रोजच्या आहाराच्या चौपट, म्हणजे दिवसाला सुमारे साडेपंधरा ग्रॅम पोटॅशियम दिले, आणि ते वीस दिवस चालू ठेवले. आपल्या हिशेबाने रोज पाच-साडेपाच एकादशींचे फराळ! काही दिवसांतच आत जाईल तितके बाहेर पडू लागले. रक्तातला आकडा थोडा वर सरकला, पण हद्दीत राहिला. रोज भारी बोजा आला की शेवटच्या दारातल्या पेशी अंगाने वाढतात, त्यांच्यावरचे पंप वाढतात, आणि पुढच्या खेपेला तोच बोजा लवकर निकालात निघतो. अर्थात हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दिवसभरात वाटून दिलेले. पोटॅशियमचा क्षार एकदम गिळणे हा निरोगी माणसाच्याही जिवाशी खेळ आहे.

इकडे आमच्या भागाकडे पाहिले तर आश्चर्य वाटू नये. खटाव-माणच्या दुष्काळी मुलखात पिढ्यान् पिढ्या ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलगा, मटकी, घेवडा, रानातली पालेभाजी यांवर माणसे जगली. या अन्नात पोटॅशियम चांगलेच असते. मूत्रपिंड अशाच अन्नाला सरावलेले आहे. त्याला खरे नवे काही असेल, तर ते पाकिटातले खारट पदार्थ.

तेव्हा मावशीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाले. माझ्या, सौ.च्या आणि दोनदा घेणाऱ्या नातवाच्या शेवटच्या दारांत वीस लाख नळ्या राबत होत्या. मावशीच्या किती उरल्या आहेत? थोड्याच. आणि इथेच मूत्रपिंडाचा चांगुलपणा माणसाला घातक ठरतो. गाळण्या एकेक करून बंद पडत असताना उरलेल्या नळ्या तक्रार न करता दुप्पट-चौपट पोटॅशियम टाकतात. आतडेही आपला वाटा वाढवते. त्यामुळे मूत्रपिंड निम्म्याहून अधिक निकामी झाले तरी रक्तातला आकडा पुष्कळदा ठीक दिसतो, माणूस चालता-बोलता असतो, एकादश्या पार पडत असतात. कार्यशक्ती पंधरा-वीस टक्क्यांवर आली की मात्र शिल्लक अशी राहत नाही. घरातला एकच मिळवता भाऊ सगळ्यांचे भागवत असतो, आणि तो आजारी पडेपर्यंत कुणाला काही कळत नाही, त्यातली गत.

मावशीच्या बाबतीत गोदामाचे दारही जाम होते. मधुमेहामुळे इन्सुलिन अपुरे, म्हणजे ‘आधी आत ओढून घ्या’ हे घाईचे कामही धड होत नाही. त्यात यंत्रावरची फेरी चुकलेली, आणि वर माझे शहाळे. बद्धकोष्ठ तिला नेहमीचेच, त्यामुळे आतड्याचा वाटाही तुंबलेला. सगळे एकाच दिवशी जुळून आले.

औषधांचेही सांगायला हवे, कारण ते मूत्रपिंड बरे असलेल्यांच्याही घरात असते. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येते, रामिप्रिल, टेल्मिसार्टन अशा, त्या अल्डोस्टेरोनचा जोर कमी करतात. स्पायरोनोलॅक्टोन तर त्याची वाटच अडवते. औषधे उत्तम आहेत, ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ मूत्रपिंडाचे रक्षणही करतात, आणि मनाने बंद करण्याचा अव्यापारेषु व्यापार कोणी करू नये. पण त्या घेणाऱ्याने, विशेषतः मधुमेह असेल तर, डॉक्टर सांगतील तेव्हा रक्तातले पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे. तपासणीला चमचाभर रक्त लागते. सांधेदुखीच्या गोळ्या दुकानातून मागून आणून महिनोन् महिने खाणे हे मात्र मला मुळीच पसंत नाही. त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. आमच्या आळीत निम्मी वडीलधारी मंडळी त्या खडीसाखरेसारख्या खातात.

आता मोबाईलवरचे वैद्य. ‘नारळपाणी प्या, किडनी साफ होते’ हा निरोप मला यंदा आठ जणांनी पाठवला. त्यांतले दोन माझे विद्यार्थी, म्हणजे दोष अंशतः माझाच. निरोगी माणसाने शहाळे जरूर प्यावे, गोड लागते. पण मूत्रपिंड काही पितळेचा तांब्या नव्हे, की नारळपाण्याने चकचकीत व्हावा. आणि ज्याचे मूत्रपिंड थकले आहे त्याच्या हाती ते देणे म्हणजे मी आषाढीला केले तेच.

मिठाविषयी सौ.ने विचारले, म्हणून दोन शब्द. उपासाचे सैंधव हे वेगळे काही रसायन नव्हे. ते बहुतांशी साधे मीठच, फक्त खाणीतले. पण बाजारात ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे मिळते त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियमचा क्षार घातलेला असतो, म्हणजे शेतात पडते त्याच पॉटॅशची खाण्याजोगी शुद्ध आवृत्ती. चीनमधल्या सहाशे खेड्यांत सुमारे एकवीस हजार लोकांवर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ साली आले. तिथे चौथा हिस्सा पोटॅशियम घातलेले मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात शेकडा चौदाने कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या माणसांना असे मीठ सुचवले, पण मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्यांना स्पष्टपणे वगळून. चीनच्या पाहणीतही गंभीर मूत्रविकाराचे लोक घेतले नव्हते. म्हणजे जे मीठ माझ्या रक्तदाबाला हितकर ते मावशीच्या आमटीत पडता कामा नये. आमच्या स्वैपाकघरात आता दोन बरण्या आहेत आणि मावशीच्या बरणीला लाल दोरा बांधला आहे.

पथ्याचा कागद दिनदर्शिकेमागून निघून फळीवर आला. साताऱ्याच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मावशीला समजावून दिले ते इथे देतो. पण ज्याला त्याला आपल्या डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाण पाळावे लागते. बटाटा नुसता पाण्यात भिजत घातला तर पोटॅशियम फारसे जात नाही, आणि सालासकट सबंध उकडला तर जवळजवळ सगळे आतच राहते. सोलून, बारीक फोडी करून, भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी ओतून द्यायचे. मग निम्म्याच्या आसपास निघून जाते. किसून उकळले तर त्याहून जास्त. चव निम्मी जाते तो भाग वेगळा. रताळे, खजूर, केळे, राजगिरा, शहाळे बंद. वरीचा तांदूळ आणि साबुदाणा चालेल, मात्र साखरेचा आकडा सांभाळून आणि दाण्याचे कूट चिमटीने.

“आणि आदल्या दिवशी साताऱ्याला जायचंच,” मी म्हटले.

“जाईन रे. विठोबा काय, फेरी झाल्यावर पळून जातोय?” मावशी म्हणाली. मग जरा थांबून, “वरीच्या तांदळाला आमटी दाण्याची असते. ती कशाची करायची?”

सौ.ने ताकाची पातळ कढी सुचवली, वाटीभरच. ताकातही थोडे असतेच, म्हणून वाटी मोजून. मागच्या आठवड्यात रंगीत तालीम झाली. दोन बटाटे मावशीने स्वतः सोलले, बारीक चिरले, मोठ्या पातेल्यात उकळले आणि पाणी निवल्यावर ते परसात घेऊन निघाली. मी म्हटले, मोरीत ओत की.

“मोरीत कशाला? तूच म्हणालास ना, झाडाला पॉटॅश लागतं म्हणून?”

आमच्या परसात दोन केळी आहेत. एकीला घड लागला आहे. तिच्या बुंध्याशी तिने पातेले सावकाश रिते केले, आणि घडाकडे मान वर करून पाहत म्हणाली, “घे बाई, माझ्या वाट्याचं तू खा.”